जुनी मढी उकरावीत का? राजकीय हिंसेचा भूतकाळ आणि समाजांनी त्याचा केलेला हिशेब

वाटसरू

नमस्कार. आमच्या लहानशा वाचनगटात गेले तीन महिने एकाच विषयावर वाचन चालू आहे: हुकूमशाही, यादवी किंवा वंशसंहार यांतून बाहेर पडलेल्या समाजांनी त्या भूतकाळाचे पुढे काय केले? मागच्या बैठकीत गटातले एक ज्येष्ठ सदस्य शांतपणे म्हणाले, की जुनी मढी उकरण्यात काही हशील नसते. गेलेले परत येत नाहीत आणि उरलेल्यांची मने मात्र पुन्हा कलुषित होतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखेही नाही, म्हणून आधी ते नीट मांडतो.

त्यांनी दाखला दिला तो स्पेनचा. १९३६ ते १९३९ या काळातली यादवी आणि त्यानंतर १९७५ पर्यंत चाललेली हुकूमशहा फ्रँकोची राजवट संपल्यावर, ऑक्टोबर १९७७ मध्ये नव्या संसदेने सर्वक्षमेचा कायदा केला. राजकीय कैद्यांना सोडा ही मागणी मुळात विरोधकांची होती. पण त्याच कायद्याने जुन्या राजवटीच्या अधिकाऱ्यांचे गुन्हेही पोटात घातले. पुढच्याच वर्षी संविधान आले. फेब्रुवारी १९८१ मध्ये काही सशस्त्र अधिकारी संसदेत घुसले, तरीही तो उठाव फसला आणि लोकशाही टिकली. आमच्या ज्येष्ठांचा सवाल असा, की १९७७ मध्येच खटले भरले असते, तर संपूर्ण सैन्य त्या उठावामागे उभे राहिले नसते कशावरून?

हे मला जवळजवळ पटले होते. नंतर प्रियारांसा देल बिएर्सो या गावाविषयी वाचले. तिथे रस्त्याच्या कडेला, ऑक्टोबर १९३६ मध्ये गोळ्या घालून पुरलेल्या १३ जणांचे अवशेष २००० साली बाहेर काढले गेले. आजोबांचा माग काढत आलेल्या एका पत्रकाराने हे काम उभे केले आणि पुढे डीएनए तपासणीने त्या आजोबांची ओळख पटली. मला थांबवले ते एका तपशिलाने: जागा कुठे आहे हे गावातल्या वृद्धांना ठाऊक होते. चौसष्ट वर्षे त्या रस्त्याने माणसे ये-जा करत होती, त्यांतल्या काहींना पायाखाली काय आहे हे माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. मग मने उकरल्यामुळे कलुषित होतात, की ती आधीपासूनच तशी असतात?

माझा नेमका प्रश्न असा आहे. गुन्हेगारांना अभय देणे कधी समर्थनीय ठरते का? शिक्षा होणारच नसेल, तर नुसते सत्य कळून पीडितांच्या हाती काय लागते? आणि गुन्हेगार म्हातारे होऊन मरून गेल्यावर हिशेब कोणाशी करायचा? ज्यांचे या विषयावर वाचन आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे; उत्तरे मी पुढच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

जुनी पाने

तुमच्या ज्येष्ठांची भीती खोटी नाही. मात्र त्यांच्यापुढे खटले आणि विस्मरण असे दोनच पर्याय दिसतात. दक्षिण आफ्रिकेने तिसरा पर्याय करून पाहिला आणि त्याचा पूर्वार्ध सगळीकडे सांगितला जातो. उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही, म्हणून मी दोन्ही लिहितो.

वर्णद्वेषी राजवटीचे सैन्य आणि पोलीस पराभूत झालेले नव्हते. सत्तांतर वाटाघाटींतून झाले होते आणि अभयाचे वचन १९९३ च्या अंतरिम संविधानातच दिलेले होते. ते सरसकट द्यायचे नाही, हे १९९५ च्या कायद्याने ठरले. ज्याला अभय हवे त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा, कृत्यामागे राजकीय हेतू होता हे दाखवावे आणि सगळे खरे सांगावे. सांगितले तर सुटका, दडवले तर खटला. डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या एप्रिल १९९६ मध्ये सुरू झाल्या आणि सुमारे २१,००० पीडितांचे जबाब नोंदले गेले. अभयासाठी ७,११२ अर्ज आले. त्यांतले ८४९ मंजूर झाले आणि ५,३९२ फेटाळले गेले, ही आकडेवारी मुद्दाम देतो, कारण आयोगाने सर्वांना सोडून दिले असा समज सर्रास आढळतो.

जुलै १९९७ मधल्या एका सुनावणीचे दृश्य तुमच्या गटात जरूर सांगा. जेफ्री बेन्झीन हा केपटाऊनचा पोलीस अधिकारी कैद्यांच्या डोक्यावर ओली पिशवी आवळून त्यांना गुदमरवीत असे. त्याने छळलेले टोनी येंगेनी तोवर संसद सदस्य झाले होते. त्यांनी समोरासमोर मागणी केली, की ते कसे करत होतास हे इथे करून दाखव. मग एका माणसाला जमिनीवर पालथे झोपवण्यात आले, बेन्झीन त्याच्या पाठीवर बसला आणि सर्वांसमक्ष त्याने कापडी पिशवी त्याच्या डोक्यावरून ओढली. पुढे त्याला अभय मिळाले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या दृश्यात दिसते. त्या दिवसापर्यंत छळ झाला असे कैदी म्हणत आणि पोलीस ते नाकारत. त्या दिवसानंतर नाकारण्याची सोय उरली नाही.

आता उत्तरार्ध. हा करार दोन पायांवर उभा होता. जे बोलणार नाहीत त्यांच्यावर खटले भरू, हा त्याचा दुसरा पाय, आणि तो जवळजवळ टेकलाच गेला नाही. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणे सरकारी वकिलांकडे सोपवली. त्यांतली बहुसंख्य तशीच पडून राहिली. ती कोणाच्या दबावाने रोखली गेली का, याच्या चौकशीसाठी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आयोग नेमावा लागला. भरपाईचीही तीच गत. पीडितांना सहा वर्षे दरवर्षी ठरावीक रक्कम मिळावी अशी शिफारस होती. २००३ मध्ये सरकारने एकदाच ३०,००० रँड देऊन विषय संपवला.

अहमद तिमोल या शिक्षकाचे प्रकरण पाहा. २७ ऑक्टोबर १९७१ रोजी जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला आणि १९७२ च्या चौकशीने ती आत्महत्या ठरवली. त्यांच्या आईने १९९६ मध्ये आयोगापुढे साक्ष दिली. भाच्याने पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर २०१७ मध्ये न्यायालयाने ती हत्या असल्याचा निर्णय दिला. त्या खोलीत हजर असलेल्या एका पोलिसावर २०१८ मध्ये आरोप ठेवले गेले. खटला उभा राहण्याआधीच, २०२१ मध्ये तो वारला. दिरंगाईचा फायदा कोणाला होतो, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगता येईल?

म्हणून माझे मत असे: अट घालून दिलेले अभय समर्थनीय असू शकते, पण अट मोडणाऱ्याला काहीही होत नसेल तर ते अभय उरत नाही, ती फसवणूक होते. ती फसवणूक पीडितांच्या वाट्याला दुसऱ्यांदा येते, आणि या वेळी ती त्यांनी स्वतः निवडून दिलेल्या सरकारकडून येते.

तिन्हीसांज

जुनी पाने यांच्या प्रतिसादाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण एका शब्दापाशी अडते. मराठीत आपण ‘माफी मागणे’, ‘माफ करणे’ आणि ‘शिक्षा माफ होणे’ या तिन्हींसाठी एकच शब्द वापरतो. पहिले काम अपराध्याचे, दुसरे ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे आणि तिसरे राज्यसंस्थेचे. अभयाच्या चर्चेत नेमके हेच होते, की राज्यसंस्था तिसरे काम करते आणि दुसरेही उरकले असे समजून चालते. मुलगा गमावलेल्या बाईच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार संसदेला कोणी दिला? संसद फार तर म्हणू शकते, की आम्ही शिक्षा करणार नाही.

अर्जेंटिनाचा इतिहास यासाठी क्रमाने वाचावा. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीनंतर लगेच नेमलेल्या आयोगाने १९८४ मध्ये जवळपास ९,००० बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा सांगतात. १९८५ मध्ये नऊ लष्करी नेत्यांवर खटला चालला, पाच दोषी ठरले आणि राजवटीचा प्रमुख विदेला व नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप झाली. तोवर सगळे सुरळीत वाटते. पण सैन्यात चलबिचल सुरू होताच १९८६ मध्ये नवे खटले भरण्याला मुदत घालणारा कायदा आला, १९८७ मध्ये वरिष्ठांच्या आज्ञेने वागलेल्यांना सोडणारा कायदा आला आणि १९९० पर्यंत शिक्षा झालेल्या सेनानींचीही शिक्षा माफ झाली. म्हणजे तुमच्या ज्येष्ठांना हवा तसाच पडदा पाडला गेला. तो टिकला का? २००३ मध्ये संसदेने ते दोन्ही कायदे रद्द केले, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले आणि त्यानंतर एक हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या आहेत. विदेला २०१३ मध्ये तुरुंगातच मरण पावला.

हे घडले ते, ज्यांनी मधल्या काळात जागा सोडली नाही अशा बायकांमुळे. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनोस आयर्सच्या प्लाझा दे मायो या चौकात १४ आया मुलांची चौकशी करायला जमल्या. घोळक्याने उभे राहायला बंदी होती आणि पोलिसांनी चालत राहा म्हणून दटावले, तेव्हा त्या खरोखरच चौकातल्या स्तंभाभोवती चालू लागल्या आणि पुढे दर गुरुवारी चालत राहिल्या. त्यांना एकत्र आणणाऱ्या असुसेना व्हियाफ्लोर यांना त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटली ती २००५ मध्ये, आणि त्यांची रक्षा त्याच चौकात पुरली आहे.

याच संदर्भात एक भाषेचा मुद्दा. आपण ‘बेपत्ता झाले’ असे सहज लिहितो, जणू माणूस वाट चुकला. इथे माणसे बेपत्ता केली गेली होती. त्या राजवटीने कबरीही ठेवल्या नाहीत, पुष्कळांना तर विमानांतून समुद्रात आणि नदीत फेकले. उकरायला मढेच नसेल, तर तुमच्या ज्येष्ठांची म्हण कशी लागू करायची?

कायद्यातली एक फट मात्र फार मोलाची ठरली. कैदेत जन्मलेली मुले लष्करी आणि त्यांच्या ओळखीच्या कुटुंबांत वाटून टाकली गेली होती आणि १९८७ चा कायदा मुलांच्या अपहरणाच्या गुन्ह्याला लागू नव्हता. या मुलांच्या आज्यांपुढे अडचण अशी होती, की आईबाप मारले गेलेले असताना नातवाचे नाते सिद्ध कसे करायचे? त्या वैज्ञानिकांकडे गेल्या. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी त्यांच्यासाठी आजी-आजोबांच्या रक्तावरून नाते ठरवण्याची पद्धत विकसित केली. नंतर केवळ आईकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएचा उपयोग झाला. १९८७ मध्ये राष्ट्रीय जनुकीय माहितीपेढी स्थापन झाली आणि अशा सुमारे ५०० मुलांपैकी १३० हून अधिक आजवर सापडली आहेत. विदेलाला १९९८ मध्ये पुन्हा अटक झाली ती याच गुन्ह्यासाठी.

चिलीच्या न्यायाधीशांनी तर तिथल्या लष्करी राजवटीने केलेल्या सर्वक्षमेच्या कायद्यालाच त्याच्या शब्दांत पकडले. तो कायदा सप्टेंबर १९७३ ते मार्च १९७८ या काळातल्या गुन्ह्यांपुरता होता. १९९९ पासून न्यायालयांनी असा अर्थ लावला, की ज्याला पळवून नेले आणि ज्याचा देहही सापडलेला नाही त्याचे अपहरण अजून संपलेलेच नाही. मग १९७८ पर्यंतची क्षमा त्याला लागू कशी होईल? ज्यांना क्षमेचा लाभ हवा होता त्यांना आता देह कुठे आहे ते सांगणे भाग होते. हा युक्तिवाद वाचला त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते.

दप्तरी

मी आयुष्याची तीस वर्षे अभिलेखांच्या कामात घालवली, म्हणून एका बाजूकडे लक्ष वेधतो जिची चर्चा कमी होते. साक्षीदार मरतात, न्यायाधीश बदलतात, पण अत्याचार करणारी राज्यसंस्था लेखी काम केल्याशिवाय राहत नाही. कैद्याला नेण्यासाठी वाहन लागते, वाहनाला इंधन लागते आणि इंधनाची नोंद होते. आवक-जावक नोंदवहीत सलग क्रमांकांत मधलेच पान नसेल, तर मुरलेल्या कारकुनाला ते न सांगता कळते. म्हणूनच जाणारी राजवट सर्वांत आधी कागद जाळते.

पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी १९८९ च्या अखेरीस तेच सुरू केले. कागद फाडणारी यंत्रे बंद पडली, तेव्हा कर्मचारी हातांनी कागद फाडू लागले. एरफुर्टमध्ये नागरिकांनी, त्यातही पुढाकार घेतलेल्या स्त्रियांनी, ४ डिसेंबर रोजी गुप्त पोलिसांच्या कार्यालयाचा ताबा घेतला आणि १५ जानेवारी १९९० रोजी बर्लिनचे मुख्यालयही लोकांच्या ताब्यात आले. उरलेल्या कागदांची लांबी, ओळीने लावले तर, सुमारे १११ किलोमीटर भरते. शिवाय फाडलेल्या तुकड्यांची सुमारे १६,००० पोती. ते तुकडे माणसे टेबलावर मांडून, कागदाचा रंग, शाई आणि फाटलेली कड जुळवून वर्षानुवर्षे जोडत बसली. जानेवारी १९९२ पासून कोणाही नागरिकाला स्वतःची फाईल वाचता येऊ लागली. त्या फायलींत अनेकांना आपल्या मित्राचे, कधी जोडीदाराचे नाव सापडले. घरे मोडली. वाटसरूंच्या ज्येष्ठांनी याचा उल्लेख केला तर तो नाकारू नका, कारण ती किंमत खरी होती; पण फाईल वाचायची की नाही हा निर्णय त्या माणसाचा होता, त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाचा नव्हता.

दुसरे उदाहरण केनियाचे. १९५२ पासूनच्या आणीबाणीत ब्रिटिश वसाहत सरकारने आपल्याविरुद्धच्या माउ माउ बंडात सामील असल्याच्या संशयावरून हजारो लोकांना छावण्यांत डांबले आणि छळले. सत्तांतराच्या वेळी अडचणीचे कागद काही जाळले गेले आणि काही गुपचूप इंग्लंडला नेले गेले. लंडनमध्ये वृद्ध केनियन वादींनी दावा लावला, इतिहासकारांनी त्या कागदांचा माग काढला आणि २०११ मध्ये ब्रिटिश सरकारला कबूल करावे लागले, की हॅन्स्लोप पार्क येथील सरकारी आवारात केनियाच्या सुमारे १,५०० फायली आहेत. छळाची कल्पना वरपर्यंत होती हे त्यांतून दिसले. जून २०१३ मध्ये सरकारने खेद व्यक्त करून ५,२२८ दावेदारांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली. तोपर्यंत घटनेला साठ वर्षे होत आली होती आणि पुष्कळ पीडित हयात नव्हते. कपाटात कागद पन्नास वर्षे पडून राहिला, याचा अर्थ न्याय पन्नास वर्षे कपाटात होता.

एक सावधगिरी मात्र सांगतो. कागद खोटे बोलतो. खबऱ्या म्हणून नाव असलेल्या माणसाने खरोखर खबर दिली, की अधिकाऱ्याने आपली कामगिरी फुगवण्यासाठी त्याचे नाव घातले, हे एका फाईलवरून ठरवू नये. दुसऱ्या दप्तरातला कागद त्याला दुजोरा देतो का ते पाहावे. काही देशांत खबऱ्यांच्या याद्या तशाच प्रसिद्ध झाल्या आणि त्यात निरपराधही भरडले गेले.

साधकबाधक

वरची सगळी उदाहरणे अशा समाजांची आहेत, जिथे गुन्हेगार तुलनेने थोडे आणि गणवेशातले होते. रवांडात १९९४ मध्ये तुत्सी समाजाच्या वंशसंहारात सुमारे शंभर दिवसांत, संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली आणि मारणाऱ्यांत शेजारी, शिक्षक, नातलग होते. न्यायाधीश आणि वकीलही मारले गेले किंवा पळाले. तुरुंगांत एक लाखाहून अधिक संशयित कोंबलेले होते आणि नेहमीच्या न्यायालयांच्या गतीने ते खटले संपायला शंभरावर वर्षे लागली असती.

तेव्हा तिथे ‘गचाचा’ न्यायालये उभी राहिली. शब्दाचा मूळ अर्थ गवताशी निगडित आहे, कारण जुन्या रीतीप्रमाणे तंटे सोडवायला लोक गवतावर बसत. कायद्याचे शिक्षण नसलेली, गावाने निवडलेली माणसे न्यायाधीश झाली. २०१२ मध्ये ही न्यायालये बंद होईपर्यंत सुमारे १२,००० ठिकाणी १९ लाख प्रकरणे हाताळली गेली. कबुली देणाऱ्याची शिक्षा बरीच कमी होई आणि उरलेल्या काळाचा मोठा भाग समाजसेवेत जाई. कबुलीत मृतदेह कुठे टाकले हे सांगणेही अपेक्षित होते. त्यामुळे अनेकांना आपल्या माणसांचे अवशेष मिळाले. उलट बाजू अशी, की आरोपीला वकील नव्हता, जुनी वैरे साधण्यासाठी खोटे आरोपही झाले, साक्षीदारांना धमक्या आणि प्रसंगी मृत्यूही आला आणि विजयी झालेल्या, मुख्यतः तुत्सींच्या बंडखोर सैन्याने केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. शेवटचा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो. एकाच बाजूच्या मृतांची मोजदाद होते, तेव्हा दुसऱ्या बाजूची मुले गप्प राहायला शिकतात, आणि वाटसरूंनी सांगितलेला रस्ता पुन्हा तयार होतो.

आंतरराष्ट्रीय सहभाग असलेल्या न्यायालयांविषयी थोडक्यात लिहितो. कंबोडियात ख्मेर रूज या साम्यवादी राजवटीच्या काळात सुमारे १७ लाख लोक मेले. तिथल्या विशेष न्यायालयाचे काम २००६ ते २०२२ चालले, खर्च ३३ कोटी डॉलरच्या वर गेला आणि दोषी ठरले ते तीन जण. खर्च वाया गेला असे मी म्हणत नाही. हजारो सामान्य लोक सुनावणी ऐकायला येऊन बसले. पण खटला हा एकच मार्ग धरला तर हाती किती थोडे लागते, हे जुनी पाने यांनी लक्षात घ्यावे.

जुनी पाने

साधकबाधक यांचा मुद्दा मान्य. माझा आग्रह खटल्यांच्या संख्येसाठी नाही. दिलेला शब्द पाळला जावा एवढाच आहे. एक मात्र जोडतो. ‘काळ जाऊ द्या, आपोआप निवळेल’ हे जर्मनीतही १९५० च्या दशकात बहुसंख्यांचे मत होते. फ्रित्झ बाउअर या सरकारी वकिलाने ते मानले नाही. त्यांच्या प्रयत्नांतून डिसेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टला नाझींच्या आउश्वित्झ छावणीच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि १७ जण दोषी ठरले. शिक्षा अनेकांना अपुऱ्या वाटल्या आणि त्या तशा होत्याही. पण जर्मन वृत्तपत्रांतून, जर्मन भाषेत, जर्मन न्यायालयात छावणीतून वाचलेल्यांच्या साक्षी रोज छापून येत राहिल्या आणि युद्धानंतर वाढलेली पिढी घरात वडिलांना प्रश्न विचारू लागली. युद्ध संपून तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली, जी प्रश्न लिहिताना माझ्या लक्षात आली नव्हती. प्रियारांसाचा नातू, तिमोल यांचा भाचा, प्लाझा दे मायोच्या आज्या, गवतावर बसलेले रवांडाचे लोक, या सर्वांची पहिली मागणी फाशीची नव्हती. कुठे आहे, कसा गेला, कोणाच्या हातून गेला, एवढे त्यांना आधी हवे होते. शिक्षेचा प्रश्न त्यांच्यासाठीही होता, पण तो त्यानंतर येत होता. आमच्या ज्येष्ठांना मी हेच विचारणार आहे: ज्याला आपल्या माणसाचा ठावठिकाणाच सांगितलेला नाही, त्याला विसरून जा असे सांगताना आपण त्याला नेमके काय विसरायला सांगतो?

शेवटची एक विनंती. बैठक दीड तासाची असते आणि आठ जण असतात. मोठे अहवाल वाचणे शक्य नाही. सर्वांना एकत्र बसून वाचता येईल असे एखादे प्रकरण सुचवाल का?

दप्तरी

एकच सुचवतो. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण त्याच दिवशी मेले, चौदावा काही महिन्यांनी. सरन्यायाधीश विजरी यांनी अकरा आठवड्यांत अहवाल देऊन सैनिकांना बहुतांशी दोषमुक्त केले आणि बेकायदा मोर्चा काढला नसता तर मृत्यू झाले नसते असे म्हटले. १९९८ मध्ये लॉर्ड साव्हिल यांच्याकडे नवी चौकशी सोपवली गेली. तिला बारा वर्षे लागली, १९ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला आणि निष्कर्ष निघाला, की मेलेल्यांपैकी कोणापासूनही धोका नव्हता. १५ जून २०१० रोजी पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत सरकारच्या वतीने माफी मागितली, तेव्हा डेरीच्या गिल्डहॉल चौकात जमलेले लोक ते पडद्यावर पाहत होते. तिथे मृतांच्या नातलगांपैकी एकेकाने आपल्या माणसाचे नाव घेतले आणि पुढे ‘निर्दोष’ असा शब्द उच्चारला. एकीने विजरी अहवालाची प्रत सर्वांसमोर फाडली.

दोन्ही अहवालांचे निष्कर्ष थोड्या पानांत मावतात. चौघांना पहिला द्या, चौघांना दुसरा, आणि प्रत्येकी वीस मिनिटे शांतपणे वाचू द्या. मग आधी विजरीचे निष्कर्ष मोठ्याने वाचायला घ्या, आणि ते तुमच्या ज्येष्ठांना वाचायला सांगा.